उभं उड्डाण: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळातल्या उभ्याउभ्या उडणाऱ्या आणि उभ्याउभ्या उतरणाऱ्या यानांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने २०११ मध्ये हा खेळ लोकांपुढे आणला आणि पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये निघाली. यात तुकडे जोडून स्वतःचं यान बांधायचं, त्यात बुटके हिरवे कर्बल बसवायचे आणि उडवायचं. त्यांचा ग्रह कर्बिन. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, पण पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण आपल्याइतकंच, ९.८१. चंद्राच्या जागी मून आणि मिनमस असे दोन उपग्रह.

मी नौदलात होतो. गोव्यातल्या दाबोळीच्या तळावर सी हॅरियर या उभ्याउभ्या उतरणाऱ्या लढाऊ विमानांच्या इंजिनांवर काम केलं, आता निवृत्त होऊन कुडाळला असतो. खेळ नातवाने लॅपटॉपवर टाकून दिला आणि तो स्वतः क्रिकेटकडे वळला. त्यामुळे उत्तरांत हँगरची भाषा आली तर चालवून घ्या.

एक विनंती. ‘काका, माझं यान पडतं’ एवढंच लिहून पाठवू नका. वजन किती टन, इंजिनं कोणती, किती आणि कुठे, हे लिहा. चित्र काढून पाठवलंत तर उत्तमच.

प्रश्न: मी यानाच्या माथ्यावर चार ज्युनो (छोटी जेट) इंजिनं लावली आणि सगळं वजन खाली ठेवलं. देवघरात टांगलेल्या समईसारखं ते आपोआप सरळ राहील असं वाटलं होतं. जमिनीवरून दहा मीटर वर जातं आणि आडवं होतं. वजन अजून खाली न्यायचं का?
(अकरावीतला विद्यार्थी, सांगली)

उत्तर: नाही रे बाबा, पाताळात नेलंस तरी फरक पडणार नाही. पण वाईट वाटून घेऊ नकोस. ही समजूत ज्यांची होती त्यांच्यात रॉबर्ट गोडार्डसारखा माणूस आहे. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी त्याने द्रवइंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा इंजिन वर होतं आणि टाक्या खाली. ते जेमतेम अडीच सेकंद उडालं आणि वाकडं होऊन कोबीच्या शेतात पडलं. पुढच्या रॉकेटांत त्याने इंजिन खाली आणलं.

आता समई घे. ती हलवलीस तर परत मध्ये येते, कारण तिची साखळी छताला आहे. समई कुठेही झुकली तरी छताचा हूक आपल्या जागी असतो. तुझं इंजिन कशाला टांगलंय? यानालाच. यान डावीकडे झुकलं की इंजिनही डावीकडे झुकतं आणि त्याचा जोरही तिकडेच वळतो. जोराची रेषा आधी वजनाच्या मध्यातून जात होती, झुकल्यावरही तिथूनच जाते. गुरुत्वाकर्षण तर वजनाच्या मध्यावरच ओढतं, त्याने काही वळत नाही. म्हणजे यानाला सरळ करणारं कोणीच नाही. ते झुकलेलं राहतं आणि त्या बाजूला घसरत जातं. इंजिन वर असो की खाली, हिशेब तोच.

तुझं यान मुळात झुकलं का, हा खरा प्रश्न. बांधणीच्या पडद्यावर खाली डावीकडे तीन बटणं आहेत. त्यातलं पिवळ्या-काळ्या चेंडूचं वजनाचा मध्य दाखवतं, जांभळं जोराची दिशा दाखवतं. दोन्ही चालू कर, बाजूने बघ आणि समोरूनही बघ. माझा अंदाज असा की बाण चेंडूच्या मधून न जाता चार बोटं बाजूने जात असेल. तू पाठवलेल्या चित्रात शिडी एकाच बाजूला आहे आणि बॅटऱ्याही त्याच बाजूला. तिथे बघ.

दुसरं असं की ज्युनोचं तोंड हलत नाही, त्यामुळे तोल सावरायला त्याची मदत शून्य. पँथर हे मोठं जेट इंजिन घेतलंस तर त्याचं तोंड दहा अंश वळतं. पण तेही वजनाच्या मध्यापासून लांब असलं तरच उपयोगी. मध्याच्याच उंचीला बाजूला लावलेलं इंजिन तोंड वाकडं करतं, यान मात्र नाक वर-खाली करत नाही, नुसतं सरकतं. म्हणून इंजिनं बरीच खाली घे. तोल आपोआप राहील म्हणून नव्हे, तर सावरायला हात लांब मिळावा म्हणून. आणि वरच्या इंजिनाचा झोत आपल्याच टाकीवर पडून ती तापते, तो त्रासही वाचेल.

प्रश्न: माझं दहा टनांचं जेट उभं उडतं, टेकड्यांवरून चक्कर मारून येतं, सगळं झकास. पण परत येऊन उतरायला थांबलं की शेपूट वर आणि नाक जमिनीत. जाताना जे यान टेबलासारखं स्थिर होतं तेच येताना वेडं होतं.
(मेकॅनिकल डिप्लोमा केलेला वाचक, नाशिक)

उत्तर: तुमच्या यानाने वाटेत इंधन खाल्लंय, आणि ते पोटातून नव्हे, पाठीतून खाल्लंय.

तुम्ही आकडे दिलेत म्हणून हिशेबच मांडतो. मार्क-वन इंधनटाकीत ४०० एकक मावतात, एक एकक पाच किलोचं, म्हणजे दोन टन. तुमची ती टाकी वजनाच्या मध्यापासून दीड मीटर मागे आहे. रिकामी झाली की यान आठ टनांचं राहतं आणि वजनाचा मध्य पुढे सरकतो: दोन गुणिले दीड भागिले आठ, म्हणजे ३७ सेंटिमीटरच्या थोडा वर. इंजिनं मात्र होती तिथेच. आठ टन म्हणजे साधारण ७८ किलोन्यूटन, ते ३७ सेंटिमीटरवरून ओढतात, म्हणजे नाक खाली दाबणारा पीळ झाला जवळपास २९ किलोन्यूटन-मीटरचा. तुम्ही यानात बसवलेलं मधल्या आकाराचं तोलचाक (विजेवर फिरून यानाला वळवणारं चाक) १५ देतं. उरलेलं जमिनीने दिलं!

आणखी तोलचाकं कोंबणे हा उपाय नव्हे. ती पीळ लपवतात आणि वीज खातात. टाकी वजनाच्या मध्यावर आणा. ते जमत नसेल तर दोन टाक्या करा, एक पुढे आणि एक मागे, सारख्याच अंतरावर, आणि दोन्हींचा उपसाक्रम सारखा ठेवा म्हणजे त्या एकदमच रित्या होतील. मग बांधणीच्या पडद्यावर टाक्यांची पट्टी ओढून शून्यावर न्या आणि पिवळा चेंडू किती हलतो ते डोळ्यांनी बघा. मी भरलेली, अर्धी आणि रिकामी अशा तिन्ही अवस्था बघितल्याशिवाय यान धावपट्टीवर नेत नाही. उडता उडता दोन टाक्यांवर क्लिक करून इंधन पुढे-मागे हलवता येतं, पण उतरताना ते करायला तिसरा हात लागतो.

खऱ्या विमानातही हेच दुखणं आहे, म्हणून हॅरियरचं इंजिन आणि त्याची चारही तोंडं वजनाच्या मध्याभोवती गोळा केलेली होती.

प्रश्न: ईव्ह ग्रहावर माझं जेट चालूच होत नाही. खेळात बिघाड आहे का?
(वाचक, अकोला)

उत्तर: बिघाड नाही. ईव्हवर हवा पाचपट दाट असली तरी तीत प्राणवायू नाही. जेट फक्त कर्बिनवर आणि लेथ या उपग्रहावर चालतं.

प्रश्न: तुम्ही सी हॅरियरवर काम केलंय असं वाचलं. मला खेळात हॅरियर बांधायचंय, पण फिरणारी चार तोंडं असलेलं इंजिनच यादीत सापडत नाही. आणि खरं विमान हवेत थांबल्यावर वळायचं कसं?
(शाळाशिक्षक, मालवण)

उत्तर: सर, तुम्ही दुखऱ्या नव्हे, आवडत्या जागेवर बोट ठेवलंत. जरा लांब लिहितो.

१९८३ च्या अखेरीस सी हॅरियर गोव्यात आली आणि ११ मे २०१६ रोजी दाबोळीच्या आयएनएस हंसावरच निवृत्त झाली. त्यांचं पेगासस इंजिन एकच, तोंडं चार. पुढच्या दोन तोंडांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून गरम झोत. चारही तोंडं साखळ्यांनी आणि दांड्यांनी एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एक फिरलं आणि दुसरं राहिलं असं होऊच नये. वैमानिकाच्या डाव्या हाताशी थ्रॉटल आणि त्याच्या शेजारी तोंडं फिरवायची दुसरी दांडी. एवढंच. बाकी कॉकपिट नेहमीच्या लढाऊ विमानासारखं.

हवेत थांबलेल्या विमानाच्या पंखांवरून वारा वाहत नाही, त्यामुळे पंखांच्या आणि शेपटीच्या फळ्या कितीही हलवा, त्या निव्वळ शोभेच्या. म्हणून इंजिनातली दाबाची हवा नळ्यांनी नाकाशी, शेपटीशी आणि दोन्ही पंखांच्या टोकांशी नेलेली असते. वैमानिक नेहमीचीच काठी हलवतो आणि तिथल्या झडपा उघडून हवेचे फवारे मारतात. ही हवा तोंडं खाली वळवली की मगच नळ्यांत सोडली जाते, कारण सरळ उडताना तिची गरज नाही आणि इंजिनाचा जोर फुकट जातो.

समोरच्या काचेपुढे एक छोटी वाऱ्याची फळी असायची, हाताच्या पंजाएवढी. नवख्यांना ती खेळणं वाटे. हळू उडताना विमान वाऱ्याला तिरकं झालं तर इंजिन ओढून घेत असलेल्या हवेमुळे ते एकदम कुशीवर पडू शकतं, आणि ते तिरकेपण सगळ्यांत आधी ती फळी सांगते. काचेवर सतरा आकडे उजळत असताना डोळा त्या फळीवर ठेवायचा.

आता तुमचं यान. खेळात तसं इंजिन नाही, पण २०१९ च्या ‘ब्रेकिंग ग्राउंड’ जोडणीत बिजागऱ्या मिळतात. दोन्ही बाजूंना बिजागरीवर पँथर बसवा आणि सगळ्या बिजागऱ्या एकाच अक्षगटाला, म्हणजे एकाच बटणाने एकत्र हलणाऱ्या गटाला, जोडा. झाली तुमची दांडी. बिजागरीची दिशा तपासून घ्या, आरशासारखी जोडली की कधी एक बाजू खाली आणि दुसरी वर फिरते.

दुसरी रचना रशियन याक-३८ ची: मुख्य इंजिन मागे आणि पुढे फक्त उचलायला वेगळी छोटी इंजिनं. खेळात ही मला जास्त आवडते, कारण बिजागरी एकच लागते. मागे पँथर, साध्या जोराने ८५ किलोन्यूटन, वजनाच्या मध्यापासून दोन मीटरवर. पुढे दोन ज्युनो मिळून ४० किलोन्यूटन. मग ते किती पुढे बसवायचे? ८५ गुणिले २ भागिले ४०, म्हणजे सव्वाचार मीटर. एकूण जोर १२५, म्हणजे कागदावर पावणेतेरा टन उचलले जातील. पण वजनाच्या १.३ पट जोर हाताशी असावा, म्हणून यान पावणेदहा टनांच्या आत ठेवा.

तो १.३ आकडा मी उगीच देत नाही. आडवं उड्डाण घेताना लोक तोंडं एकदम नव्वदवरून शून्यावर नेतात आणि यान दगडासारखं खाली येतं. १.३ पट जोर असेल तर तोंडं ६० अंशांवर असताना वर उचलणारा भाग १.१३ पट राहतो आणि पुढे ढकलायलाही भरपूर उरतो. ५० अंशांवर उचल आणि वजन बरोबरीत येतात. त्याखाली पंखांनी भार घेतलेला असायलाच हवा. म्हणून साठवर थांबा, वेग वाढू द्या, उंची सुटत नाही असं दिसलं की मगच तोंडं आणखी वळवा.

आणि एक गोष्ट जी चित्रफितींतून कळत नाही: सी हॅरियर भरल्या पोटी उभी उडत नसे. पूर्ण इंधन आणि शस्त्रं घेऊन ती आयएनएस विराटच्या १२ अंशांच्या चढावरून धावत सुटायची आणि मोहिमेहून हलकी होऊन आल्यावर उभी उतरायची. तुम्हीही धावपट्टीवरून उडा आणि उभे उतरा. यानात बरंच जास्त ओझं नेता येतं.

खेळ दोन ठिकाणी तुम्हाला फुकट सूट देतो. तोलचाकं हवेच्या फवाऱ्यांचं काम मुकाट करतात, आणि जमिनीवर आपटून परत वर येणारा गरम झोत इंजिनात शिरून त्याचा दम तोडत नाही. आमच्याकडे उकाड्याच्या दिवसांत जोर वाढवायला इंजिनात पाणी फवारायची सोय होती, आणि ते पाणी दीड मिनिटाच्या आसपास पुरायचं. तेवढ्यात उतरायचं. हिंमत असेल तर तोलचाकं बंद करून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना व्हर्नर ही छोटी रॉकेट-इंजिनं लावा, आणि मग मला पत्र पाठवा.

प्रश्न: एका उंचीवर थांबायला गेलो की यान वर जातं, थ्रॉटल कमी केला की धाडकन खाली येतं, वाढवला की पुन्हा वर. उंचीच्या आकड्यावरून नजर हटवत नाही तरी हेच.
(आयटीतली वाचक, पुणे)

उत्तर: नजर हटवा. उंचीचा आकडा जे होऊन गेलं ते सांगतो. त्याच्याच शेजारी वर-खाली जाण्याच्या वेगाचा काटा आहे, तो बघा. काटा शून्याकडे यायला लागला की तो पोचायच्या आधीच थ्रॉटल सोडा.

तुम्ही व्हीसली वापरताय. जेट इंजिन हुकूम ऐकतं, पण फिरायला वेळ घेतं. तुम्ही बटण दाबून ठेवता, काही घडत नाही म्हणून आणखी दाबता, आणि मग दोन्ही दाबांचा जोर एकदम येतो. यावर उपाय म्हणजे काम वाटून देणं. चारपैकी दोन इंजिनांना स्वतंत्र थ्रॉटल द्या, शेवटच्या आवृत्त्यांत इंजिनावर क्लिक केलं की तो पर्याय दिसतो. ती दोन एका जागी स्थिर ठेवा, वजनाचा मोठा हिस्सा त्यांच्यावर टाका, आणि उरलेल्या दोघांनी बारीक खेळा. मात्र जोड्या वजनाच्या मध्याभोवती समोरासमोरच्या घ्या, नाहीतर नाशिककरांचं नाक तुमच्याही नशिबी.

अगदी नाजूक काम असेल तर आरसीएस (छोटे फवारे मारून यान सरकवणारी सोय) चालू करून के आणि आय बटणांनी वर-खाली सरका. रॉकेटच्या इंधनावर चालणारे व्हर्नर लगेच हुकूम मानतात, फक्त कर्बिनच्या हवेत त्यांचा जोर जवळपास निम्म्यावर येतो हे धरून चाला.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे. दिवसभर हे चालू असतं. यातून भौतिकशास्त्राचे गुण वाढतात का? खरं सांगा.
(पालक, सोलापूर)

उत्तर: परीक्षेतले गुण वाढत नाहीत, ताई. त्यासाठी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकाच सोडवाव्या लागतात. त्याला एवढंच विचारा की त्याच्या यानाचं वजन, जोर आणि दोहोंचं गुणोत्तर किती. कागदावर काढून दाखवलं तर रविवारी तासभर द्या. नुसते स्फोट घडवत असेल तर मार्चपर्यंत लॅपटॉप कपाटात.

प्रश्न: चांद्रयान-३ च्या विक्रमने चंद्रावर उडी मारली होती. मला मूनवर तशीच उडी मारायची आहे. पण माझं यान एकदम ५०० मीटर वर जातं.
(नववीतली विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: छान प्रश्न विचारलास, पोरी. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं आणि ३ सप्टेंबरला त्याने इंजिनं पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर वर उठून ३०-४० सेंटिमीटर पलीकडे पाय टेकले. उडीआधी त्याने उतरंड आणि बाहेर काढलेली उपकरणं आत घेतली, उडी झाल्यावर पुन्हा बाहेर काढली. तूही शिडी आणि अँटेना आधी मिटून घे.

तुझं पाच टनांचं यान आणि त्याला टेरियर इंजिन, ६० किलोन्यूटनचं. मूनवर गुरुत्वाकर्षण १.६३, म्हणजे यान तिथे भरतं जेमतेम सव्वाआठ किलोन्यूटन. जोर वजनाच्या सातपट! ५०० मीटर का जातं ते कळलं ना? इंजिनावर क्लिक करून जोराची मर्यादा २५ टक्क्यांवर आण. मग गुणोत्तर दोनच्या आत येतं आणि थ्रॉटल तुझ्या बोटाचं ऐकतो.

४० सेंटिमीटर उठायला वेग लागतो सेकंदाला फक्त १.१४ मीटर. थ्रॉटल थोडा दे आणि काट्यावर एक दिसताच एक्स दाबून तोड. हवेत, म्हणजे पोकळीत, जवळपास दीड सेकंद राहशील. हाच वेग मिनमसवर दिलास तर सव्वा मीटरच्याही वर जाशील आणि खाली यायला साडेचार सेकंद लागतील. यान सरळ राहावं म्हणून नॅव्हबॉल (दिशा दाखवणारा गोळा) ‘सरफेस’वर ठेव आणि एसएएसला (यान आपोआप स्थिर धरणाऱ्या सोयीला) ‘रेडियल आउट’ सांग, ते आकाशाकडे नाक धरून ठेवतं.

ही सवय झाली की लांब उडी घे, आणि इथे एक गंमत बघ. पाच किलोमीटरवरच्या विवराशी जायचंय. बहुतेक जण थोडं वर उठतात आणि तरंगत जातात. सेकंदाला ४० मीटरने गेलं तर १२५ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ नुसतं न पडण्यासाठी दर सेकंदाला १.६३ मीटरचा वेग खर्ची पडतो: दोनशेच्या वर. शिवाय सुटायला ४० आणि थांबायला ४०. एकूण २८० च्या पुढे. त्याऐवजी ४५ अंशांत ९० मीटरच्या वेगाने स्वतःला फेकलंस, इंजिन बंद ठेवलंस आणि शेवटी तेवढाच वेग मारलास, तर १८० मध्ये काम होतं. थोडं इंधन जास्त धर, कारण सुरुवात आणि शेवट क्षणात होत नाहीत. मूनभोवतीच्या खालच्या कक्षेतून उतरायलाच ५८० च्या आसपास लागतात, तेव्हा शंभराची बचत लहान नाही.

सराव कर्बिनवर करायचा असेल तर नासाची युक्ती वापर. चंद्रावर उतरायचा सराव पृथ्वीवर करण्यासाठी त्यांनी एक लोखंडी खाटेसारखं यंत्र बनवलं होतं. त्यातलं जेट इंजिन सहापैकी पाच भाग वजन स्वतः उचलायचं, उरलेला एक भाग छोट्या रॉकेटांवर. ६ मे १९६८ ला ह्यूस्टनजवळ नील आर्मस्ट्राँगला त्यातून खुर्चीसकट बाहेर उडी घ्यावी लागली आणि तो वाचला. सहा टनांच्या यानात व्हीसलीची मर्यादा ४१ टक्क्यांवर ठेव आणि त्याला स्वतंत्र थ्रॉटल दे, म्हणजे पाच भाग उचलले जातील. त्यांचं जेट झुलत्या चौकटीत कायम सरळ खाली रोखलेलं असे, तुझं यानाबरोबर झुकेल, म्हणून दहा अंशांपेक्षा जास्त झुकू नकोस.

प्रश्न: ड्यूना या खेळातल्या मंगळासारख्या ग्रहावर नेण्यासाठी हेलिकॉप्टर बनवलं. पातं फिरायला लागलं की खालचं यान उलट्या दिशेने गरगरतं. कर्बलांना चक्कर आली असेल.
(मराठी वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: मोटर पात्याला एकीकडे ढकलते, तेवढ्याच पिळाने यानाला दुसरीकडे. शेपटीला छोटं पातं लावा किंवा एकाच दांड्यावर दोन पाती उलट दिशांनी फिरवा. मी दुसरं करतो. इन्जेन्युइटी आठवतं ना? मंगळावर १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालेलं १.८ किलोचं यंत्र, त्यातही एकावर एक, उलट फिरणारी दोन पाती होती. आमच्या पेगाससमध्येही आतले दोन दांडे मुद्दाम उलट दिशांनी फिरायचे, नाहीतर हवेत थांबलेल्या विमानाचं नाक वर करायला जावं आणि ते बाजूला वळावं अशी गत.

खेळात दुसऱ्या मोटरची दिशा उलटवा आणि तिची पातीही आरशातल्यासारखी उलटी बसवा. हे विसरलं तर एक पातं उचलेल आणि दुसरं दाबेल. दोन्ही मोटरींचा पीळ एकाच अक्षगटावर ठेवा.

ड्यूनावर वजन कमी, गुरुत्वाकर्षण २.९४, पण हवेचा दाबही कर्बिनच्या पंधराव्या हिश्शाइतका. मोटर ४६० फेऱ्यांच्या वर जात नाही, त्यामुळे वेग वाढवून भागणार नाही, पाती लांब आणि संख्येने जास्त हवीत. त्यांचा कोन कर्बिनवर बसतो त्यापेक्षा वाढवावा लागेल. तो उडता उडता बदलता येईल असा दुसऱ्या अक्षगटावर घ्या, फेऱ्या कायम ठेवा आणि वर-खाली होण्याचं काम कोनाकडे द्या. फेऱ्या बदलून उंची सांभाळायला गेलात तर पुणेकरांसारखी अवस्था होईल, कारण एवढं जड पातं लगेच मंदावत नाही.

आणि मोटरीचा आकार पट्टीने कमी करून बघा. ड्यूनाच्या पातळ हवेत पूर्ण ताकदीची मोटर लागत नाही, नुसतं वजन वाढतं. वाचलेल्या वजनाच्या बॅटऱ्या घ्या. सौर पट्ट्या तिथे कर्बिनपेक्षा कमी वीज देतात, आणि उडताना उघड्या ठेवल्या तर मोडतात.